भाताच्या पोत्यांमधला स्टुडिओ

आमच्या मालिकेतली आजी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत राहते, तिचा मुलगा डोंबिवलीत, सून नागपुरात आणि नातू न्यू जर्सीत. हे कलाकारांचे खरे पत्ते. निर्माती म्हणून मी रत्नागिरीत. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून विस्कटलेल्या एका कुटुंबाची ही श्रुतिकामालिका, आणि ती पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत दुरून मुद्रित झाली. त्यातलं जेवणाच्या पानावरचं भांडण ऐकून ओळखीच्या एका रंगकर्मींनी विचारलं, "कुठल्या स्टुडिओत केलंत हे?" त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. तालुक्याच्या गावात राहून हे काम करू पाहणारी बरीच मुलंमुली आता भेटतात, त्यांनाही त्यातलं काही उपयोगी पडेल.

मुळात दुरून करायचं का ठरवलं, ते आधी सांगते. मला आजी मालवणी बोलणारीच हवी होती आणि सून वऱ्हाडी बोलणारीच. पूर्वी अशा भूमिका मुंबई-पुण्याच्या नटांकडे जायच्या. नट चांगलेच असायचे, बोली "काढायचे" देखील. पण मालवणी म्हणजे नुसतं माका-तुका नव्हे. वाक्याच्या शेवटी आवाज कुठे उचलायचा, राग आला की शब्द किती लांबवायचा, हे त्या मातीत वाढलेल्या माणसालाच जमतं. अशी माणसं होती, त्यांना बोलावण्याची सोय नव्हती. वेंगुर्ल्याहून एका बाईला मुंबईला आणायचं, सोबतीला कुणी हवं, दोघांची राहण्याची व्यवस्था, वर स्टुडिओचं तासावरचं भाडं. एवढे पैसे श्रुतिकेच्या अंदाजपत्रकात कधीच नसत. त्यामुळे रेडिओवरच्या कितीतरी मालवणी आज्या दादरच्या निघाल्या. हे मला वर्षानुवर्षं खटकत आलेलं आहे. ऑडिओच्या तंत्रज्ञानाने काय बदललं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर एकच: आवाज जिथे राहतो तिथेच तो मुद्रित करता येऊ लागला.

मी आकाशवाणीवर कॅज्युअल म्हणून लागले तेव्हा स्पूल टेपचे दिवस संपत आले होते. पण आमच्या ज्येष्ठांनी संपादन टेपवरच शिकवलं. टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची, म्हणजे १९ सेंटिमीटर. अर्ध्या सेकंदाचा खोकला काढायचा तर साडेनऊ सेंटिमीटर टेप कापायची. दोन्ही स्पूल हातांनी मागेपुढे फिरवत हेडवर तो खोकला नेमका कुठे सुरू होतो ते ऐकायचं, तिथे पिवळ्या पेन्सिलने खूण करायची, टेप पितळी-अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बसवून तिरक्या खाचेतून ब्लेड ओढायचं आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. छेद तिरका असण्याला कारण होतं. सरळ कापलेली टेप जोडावर "टक्" वाजते. तिरक्या छेदात एक आवाज मावळताना दुसरा उगवतो. आज संगणकावर प्रत्येक जोडाला क्रॉसफेड देताना मी तेच करते, आणि हात तिथेच तयार झाला याबद्दल त्या मंडळींची ऋणी आहे.

स्टुडिओबाहेरचं काही थेट ऐकवायचं म्हणजे ओबी, आउटसाइड ब्रॉडकास्ट. त्यासाठी टेलिफोन खात्याकडून लाइन आधी मागून घ्यावी लागे, अभियंते अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आधीच पोचत, एक लाइन कार्यक्रमाची आणि दुसरी आपसात बोलायची. मुंबईत २३ जुलै १९२७ला नियमित रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हापासून पुढची कितीतरी दशकं दूरचा आवाज असा तारेवरूनच आला. साधी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच नेते. "स" आणि "श" यांचा बराचसा जीव त्याच्या वर असतो. म्हणून फोन-इनमधल्या श्रोत्याने "सातारा" म्हटलं तरी निवेदक "काय, सातारा ना?" असं पुन्हा विचारून घ्यायचा.

नव्वदच्या दशकात आयएसडीएन ही डिजिटल टेलिफोन लाइन आली. ६४ किलोबिटचे दोन मार्ग, आणि १९८८ साली प्रमाणित झालेला जी.७२२ हा कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत चेपून पाठवण्याची पद्धत, वापरला की सात हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज. जगभरच्या रेडिओ केंद्रांनी त्यावर वर्षानुवर्षं मुलाखती केल्या. पण ती लाइन एका इमारतीला बांधलेली असायची आणि दोन्ही टोकांना महागडी यंत्रं लागायची. वाडीतल्या बाईपर्यंत ती पोचणं शक्यच नव्हतं. ते शक्य झालं २०१२ साली प्रमाणित झालेल्या ऑपस या कोडेकमुळे. तो मोफत आहे, कमी बँडविड्थमध्येही आवाज पूर्ण उंचीचा नेतो, आणि ब्राउझरमध्येच बसलेला असतो. एक लिंक पाठवायची, समोरच्याने ती उघडायची, माइकला परवानगी द्यायची, की आपण एका "स्टुडिओत". क्लीनफीडसारख्या सेवा याच पायावर उभ्या आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जे हळूहळू, दहा वर्षांत झालं असतं ते काही आठवड्यांत झालं. निवेदक कपाटात, पलंगाखाली, दुलई पांघरून बसले. त्या काळात केलेलं सगळंच काही चांगलं नव्हतं, पण दुरून काम होतं याबद्दलची शंका मात्र संपली.

आता आमच्या आजीकडे येते. ती भूमिका करणाऱ्या काकी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गावच्या नाटकात कामं केलेली, गोष्ट सांगण्याची हातोटी जबरदस्त. माइकसमोर मात्र कधीच नाही. पहिलं काम होतं खोली निवडण्याचं. मी त्यांच्या मुलाला सांगितलं, प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा आणि फोनच्या रेकॉर्डरवर मुद्रित करून फाइल पाठवा. व्हिडिओ कॉलवर टाळी ऐकून काही कळत नाही, कारण कॉलिंगची अ‍ॅप्स टाळीला गोंगाट समजून गिळून टाकतात. फाइली आल्या. माजघरात चिऱ्याच्या उघड्या भिंती, टाळी चांगलीच घुमत होती. पडवीत माडांची सळसळ आणि दूरवरून येणारी दुचाकी. स्वयंपाकघरात फ्रिज. आणि मग एक फाइल आली, जिच्यात टाळी वाजली आणि तिथेच मिटली. मी ती परत परत ऐकली. विचारलं, ही कुठली खोली?

"कोठीची," मुलगा म्हणाला. "भात ठेवतो तिथे."

दिवाळी नुकतीच झाली होती. नवीन भात मळून पोत्यांत भरलेला, तीन भिंतींना उंच थप्प्या लागलेल्या, वर लाकडी माळा असल्यामुळे कौलांमधून येणारा बाहेरचा आवाजही अडलेला. मोठ्या शहरातले स्टुडिओ ज्यासाठी लाखो रुपये घालतात ते इथे आयतं होतं. कारण साधं आहे. पडदे, सतरंज्या, अंड्यांचे ट्रे असलं काही लावून फक्त तीव्र, वरचे आवाज कमी होतात. शंभर हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. तिला अडवायला जाडी लागते, फूट-दोन फूट जाडी. बाईच्या आवाजाचाही तळ दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि छोट्या खोलीत तोच घुमतो. तागाच्या पोत्यात सैल भरलेला भात, दाण्यांच्या मधल्या फटींतून हवा खेळणारी, हा अशा आवाजाचा फार चांगला ग्राहक आहे. घरी स्टुडिओ करू पाहणाऱ्यांना मी आता पहिल्यांदा हेच सांगते: फोमचे तुकडे विकत घेण्याआधी घरात जाड, मऊ, अवजड काय आहे ते बघा. गाद्यांची थप्पी, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट, पुस्तकांची मांडणी.

मग पार्सल गेलं. त्यात माइक, स्टँड, वाऱ्याची टोपी, कानावर घट्ट बसणारे हेडफोन, छोटा रेकॉर्डर, जादा बॅटऱ्या आणि मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेला एक कागद. रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटवाला होता, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकाच मापात पेलणारा. हे प्रकरण मला गेल्या काही वर्षांतलं सर्वांत उपकारक वाटतं. पूर्वी काच फुटावी तसा नट ओरडला की सुई लाल पट्ट्यात जायची आणि तो टेक गेला. म्हणून लेव्हलवर बोट ठेवून बसणारा माणूस लागायचा. फ्लोटमध्ये रेकॉर्डरच्या बाजूने आवाज फाटण्याची भीती जवळजवळ राहत नाही, आणि कुजबुज वर आणली तरी तिच्यासोबत यंत्राची खरखर येत नाही. माइक स्वतःच फाटला तर गोष्ट वेगळी. काकींना फक्त लाल बटण दाबायचं होतं आणि कोपऱ्यातला आकडा पुढे सरकतोय ना एवढं बघायचं होतं.

या कामात एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी लागते: आपण जे ऐकत असतो ते वेगळं आणि जे मुद्रित होत असतं ते वेगळं. इंटरनेटवरून मला काकींचा जो आवाज येतो तो दिग्दर्शनासाठी. तो मध्येच तुटेल, पाण्याखालून आल्यासारखा होईल, हरकत नाही. अंतिम आवाज त्यांच्याजवळच्या कार्डावर पडतोय. अशी प्रत्येकाची आपापल्या टोकाला मुद्रित केलेली फाइल नंतर एकत्र आणायची, याला आम्ही डबल-एंडर म्हणतो. एका तासाची एका माइकची अशी फाइल साधारण ६९० एमबी होते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवायची नाही, तिथे ती चेपली जाते. ड्राइव्हवर चढवायची, आणि माझा "मिळालं, ऐकलं" असा निरोप येईपर्यंत कार्डावरून पुसायची नाही. कागदावर हे शेवटचं वाक्य लाल शाईत होतं.

कोठीत मोबाइलची रेंज नव्हती आणि वायफाय चिऱ्याची भिंत ओलांडत नव्हतं. माजघरातल्या राउटरपासून लांब केबल ओढली. लॅपटॉप दाराबाहेर, कारण त्याचा पंखा माइकला ऐकू जातो. आत फक्त हेडफोनची वाढवलेली वायर. काकींनी पोत्यांमध्ये स्टूल टाकलं, हेडफोन चढवले आणि म्हणाल्या, "तुमचो आवाज बरो येता, बोला."

वेळ ठरवणं हे एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसलं. कोकणात तिन्हीसांजेनंतर रातकिडे सुरू होतात आणि त्यांचा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो जिथे "स" आणि "च" असतात. एकदा मुद्रणात बसला की काढताना व्यंजनंही सोलवटतात. नागपूरच्या ताईंकडे मार्चपासून कूलर. तो दुपारी बंद ठेवा म्हणणं म्हणजे माणुसकी सोडणं. डोंबिवलीच्या दादांच्या इमारतीत नऊनंतर कुठे ना कुठे ड्रिल चालतंच. न्यू जर्सीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे. सगळं जुळवल्यावर आपल्याकडचे सकाळचे साडेसात उरले, म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे नऊ. तिथला नट, नोकरीवरून आलेला, हिवाळी कोटांनी भरलेल्या कपाटात खुर्ची टाकून बसायचा आणि घराची हीटिंग तासाभरासाठी बंद करायचा. बाहेर बर्फ असताना हे त्याने न कुरकुरता केलं.

प्रत्येकाच्या कानात बाकी सगळे ऐकू यायला हवेत पण स्वतःचा आवाज फिरून यायला नको. रेडिओत याला मिक्स-मायनस म्हणतात. पूर्वी मिक्सरवर प्रत्येक पाहुण्यासाठी ते वेगळं बांधावं लागायचं. आता ब्राउझरमधली सेवा आपोआप करते. पण अंतर मात्र कुठलीही सेवा पुसू शकत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एका दिशेला साठ-पासष्ट मिलिसेकंद काही केल्या लागणारच; त्यात केबलचे वळसे, राउटर आणि आवाज तुटू नये म्हणून ठेवलेला बफर धरला की जाऊन-येऊन पाव सेकंद किंवा त्याहून जास्त. गप्पांना चालतं. भांडणाला चालत नाही. भांडणात माणसं एकमेकांचं वाक्य तोडतात, आणि पाव सेकंद उशिरा तोडलेलं वाक्य म्हणजे शिष्टाचार पाळून केलेलं भांडण.

जेवणाच्या पानावरचा प्रसंग आम्ही असा केला. आधी चौघांनी लिंकवर पूर्ण प्रवेश वाचला, अडखळत, एकमेकांवर आदळत. तो ठेवण्यासाठी नव्हता, पण कोण कुणावर का चिडलंय ते सगळ्यांच्या अंगात भिनलं. मग भारतातल्या तिघांचा एकत्र टेक, कारण त्यांच्यातला उशीर सोसण्याजोगा होता. त्यातला काकींचा "माझ्या जित्तेपणी ह्या घराक कोणी हात लावूचो नाय" हा तुकडा मी लगेच नातवाच्या कानात सोडला, त्याच्या पुढच्या ओळीच्या अगदी आधी. तो त्या रागावर उसळला आणि आम्हाला हवं ते मिळालं. एकमेकांवर चढलेली वाक्यं नंतर संपादनात चढवली. सुनेचं "नका न बोलू तसं" काकींच्या "हात" या शब्दावर आणून ठेवलं तेव्हा कुठे भांडण पेटलं. वेगवेगळ्या खोल्यांतले स्वच्छ ट्रॅक हाती असल्याचा हा फायदा. एका माइकभोवती उभ्या चौघांचं मुद्रण असतं तर तो "हात" कुणालाच हलवता आला नसता.

व्हिडिओ मी बंद ठेवते. बँडविड्थ वाचते हे आहेच, पण खरं कारण वेगळं. चेहरा दिसला की नट चेहऱ्याला अभिनय करतो आणि आवाजात तेवढं कमी पडतं. काळ्या पडद्याकडे बघत बोलणाऱ्यांनी मला श्वास दिले, अर्धे हुंकार दिले. याबाबत माझे काही सहकारी असहमत आहेत. त्यांना डोळ्यांची साथ हवी वाटते. त्यांची कामं ऐकूनही माझं मत बदललेलं नाही.

चार ठिकाणच्या फाइली एका टाइमलाइनवर ठेवल्या की दुसरी गंमत कळते. प्रत्येक रेकॉर्डरचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत वीस इतकाच फरक असला तरी एका तासात ७२ मिलिसेकंद. सुरुवातीच्या टाळीवर सगळे जुळतात आणि शेवटच्या पानावर सून प्रश्न संपायच्या आत उत्तर देते. म्हणून शेवटी पुन्हा एक टाळी घ्यायची आणि दोन टाळ्यांमधलं अंतर सारखं होईल एवढं ट्रॅकला ताणायचं. विजेची घरघर काढताना आणखी एक: आपल्याकडच्या तारांतली वीज ५० हर्ट्झची, तर अमेरिकेतली ६० ची. भारतातल्या फाइलीत १००, १५० वर शोधायचं आणि न्यू जर्सीच्या फाइलीत १२०, १८० वर. एकच फिल्टर सगळ्यांना लावणारे मग "आवाज पोकळ का झाला" म्हणून विचारत बसतात.

सगळे आवाज स्वच्छ झाले तरी ते चार खोल्यांतच असतात. त्यांना एका घरात आणायचं होतं. काकींच्या मुलाला सांगितलं, माजघरात तोच रेकॉर्डर ठेवा, कोपऱ्यात उभं राहून मोठा फुगा फोडा. फुग्याचा तो फटाका आणि त्यामागून भिंतींनी परत दिलेला घुमारा, हा त्या माजघराचा ठसा. संगणकावरचं कन्व्होल्यूशन रिव्हर्ब तो ठसा कुठल्याही कोरड्या आवाजावर उमटवतं. न्यू जर्सीच्या कपाटात बोललेला नातू त्या चिऱ्याच्या भिंतींमध्ये बोलू लागला. ज्या घरासाठी कथेतली माणसं भांडतायत तसल्याच खऱ्या घराचा घुमारा सगळ्यांच्या आवाजात आहे. ऐकणाऱ्याला हे कळणार नाही, कळायचं कारणही नाही. पण ताट सरकवल्याचा आवाज आणि काकींचा आवाज एकाच जमिनीवर उभे राहिले ते त्यामुळे.

जूनमध्ये काही ओळी पुन्हा घ्यायची वेळ आली. तीच खोली, तोच माइक, त्याच काकी, आणि आवाज भलताच. छातीत डबा ठेवल्यासारखा. सेटिंग तपासली, फाइल तपासली, केबल बदलून बघितली. मग काकीच सहज म्हणाल्या, भात काय आता उरलाय, चार पोती असतील. वर्षभर घर खातं, बी पेरणीला गेलं, काही गिरणीत गेलं. स्टुडिओच्या भिंती संपल्या होत्या. त्यात पावसाळा, कौलांवरची संततधार. दोन पावसांमधली उघडीप बघून, उरलेली पोती माइकच्या मागे आणून, बाकी भिंतींना गाद्या उभ्या करून त्या ओळी घेतल्या. दिवाळीतल्या फाइलीतला काही सेकंदांचा नुसता शांतपणा, रूम टोन, खाली अंथरला. जोड कुठे आहे ते मला ऐकू येतं. इतर कुणी अजून दाखवून दिलेला नाही. आता खोलीची टाळी मी प्रत्येक सत्राच्या आधी मागते.

हे झालं मुद्रणाचं. थेट प्रसारणाचं गणित वेगळं, तिथे कार्डावर पडलेली फाइल उपयोगाची नाही. आमच्याकडची जत्रा एका सामुदायिक रेडिओसाठी थेट ऐकवताना दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेला फोन, माइक आणि बफर मुद्दाम दीड-दोन सेकंदांचा ठेवला. जत्रेत हजारो फोन एकाच मनोऱ्याला लटकलेले असतात. उशीर वाढवला की तुटणं कमी होतं. पालखीला दोन सेकंद उशीर झाला तर श्रोत्याचं काही बिघडत नाही. मात्र स्टुडिओतल्या निवेदकाला प्रश्नोत्तरं करू देऊ नयेत, जत्रेतून बोलणाऱ्याला सलग बोलू द्यावं. सामुदायिक केंद्रांना अशा साध्या सोयींनी फार मोठं बळ मिळालं आहे. म्हसवडची ९०.४ मेगाहर्ट्झवरची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून माणदेशात बोलते आहे; अशा केंद्रांना प्रक्षेपणशक्तीची १०० वॅटची मर्यादा असते, आजूबाजूची गावं एवढाच टापू. ओबी व्हॅन त्यांना कधीच परवडली नसती. खिशातल्या फोनने ती उणीव भरून निघाली.

तरीही दूरस्थ प्रसारणातलं सगळंच मला पटत नाही, आणि क्रिकेट हे त्यातलं ठळक उदाहरण. १८ जुलै २०२०ला दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला झालेल्या प्रदर्शनी सामन्याचं समालोचन इरफान पठाणने बडोद्यातून, दीप दासगुप्ताने कोलकात्यातून आणि संजय मांजरेकरने मुंबईतून, आपापल्या घरून केलं. महासाथीत ती मोठीच करामत होती. पण पडद्यावर बघून समालोचन करणाऱ्याला कॅमेरा दाखवील तेवढंच दिसतं. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन आठवा. त्यांना चेंडू पडण्याआधी क्षेत्ररक्षक कुठे सरकला ते दिसायचं, प्रेक्षकांत काय चाललंय ते दिसायचं, आणि रेडिओच्या श्रोत्याला तेच हवं असायचं. रेडिओचं समालोचन करणारा माणूस मैदानात असलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च वाचतो म्हणून त्याला घरी बसवू नये.

आणखी एक नुकसान मला रोज जाणवतं. मी जे शिकले ते काचेच्या अलीकडे उभं राहून, कुणी मुद्दाम शिकवत नसताना. मोठा नट टेकच्या आधी पाणी किती पितो, ध्वनिमुद्रक चेहरा कधी वाकडा करतो, निर्माता कुठली चूक मुद्दाम जाऊ देतो. लिंकवर ही उमेदवारी होत नाही. म्हणून आमच्या सत्रांना मी एक-दोन शिकाऊ मुलांना ऐकणारे म्हणून जोडून घेते, माइक बंद, आणि सत्र संपलं की अर्धा तास त्यांच्याशी बोलते. तो अर्धा तास माझ्या वेळापत्रकात पक्का असतो.

करारात दोन गोष्टी मी आता न चुकता घालते. एक, कलाकाराच्या मुद्रित आवाजावरून यंत्राने नवा आवाज घडवायचा नाही. घडवायचा असेल तर वेगळी लेखी परवानगी आणि वेगळे पैसे. काकींसारख्या माणसांच्या बोलीचे तासन्‌तास स्वच्छ मुद्रण कुणाच्याही हाती पडू शकतं, आणि त्या मुद्रणाची किंमत त्यांना कुणी सांगत नाही. दोन, खोलीभाडं. एका निर्मितीसंस्थेने मला सुचवलं होतं की कलाकार घरूनच काम करतात, प्रवास नाही, तर मानधन कमी करू. मी उलटं म्हणते. स्टुडिओ त्यांनी दिला, वीज त्यांची, शांतता त्यांनी घरातल्यांना गप्प बसवून मिळवली, पोती त्यांनी हलवली. तेव्हा मानधन पूर्ण, आणि त्यावर दर सत्रामागे खोलीचं भाडं. त्या संस्थेने ती ओळ खोडली, म्हणून ते काम मी घेतलं नाही. दुसऱ्या एकीने ती तशीच ठेवली आणि पुढच्या मालिकेसाठी काकींना विचारणा केली. काकींनी तारखा दिवाळीनंतरच्या दिल्या आहेत.